यादीतलं सुवेर

घोडपदेव
सोमवार, ६ जानेवारी २०२५

नम्रतास,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून तुला वाटेल, कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. तुझा बाप ठणठणीत आहे, मी पण आहे, गुडघे सोडून.

मला कळलंय. शेजारची दर्शना शिर्के गेल्या आठवड्यात नायगावला गेली होती, तिने तुला भाजीवाल्यांकडे बघितलं. पोट पुढे, हातात मेथीच्या दोन जुड्या. नववा लागला असेल म्हणाली. मी तिला विचारलं पोट खाली उतरलंय का, चेहरा काळवंडलाय का, चालताना उजवा पाय आधी टाकते का डावा. ती म्हणाली, "काकी, मी भाजी आणायला गेले होते, सुईणपण करायला नाही." तिचं तोंड असंच. तरी मी तिला नारळाच्या दोन वड्या दिल्या, आणि पत्ता मागून घेतला. तिने तो तुझ्या नवऱ्याच्या, अमितच्या कुणा मित्राकडून आणला. मी पणजी होणार, नमू. चाळीत कुणाला बोलले नाही, पण ओठ मिटत नाहीत. तुझा बाप हितेंद्र जेवताना म्हणाला, "आई, दात दुखतात का, असं तोंड का केलंस?" मी म्हटलं, हो, दुखतात.

मेथी खा, पण रात्रीची नको, बाधते.

आता दुसरं एक, सहज विचारते. आपली हिराजी बिल्डिंग पाडून तिथेच नवीन उभी करणार हे तुला ठाऊक आहे. ज्यांची नावं यादीत, त्यांना नवीन जागा. ती यादी गुरुवारी जिन्याखालच्या फळ्यावर लागली. नाव रेशनकार्डाशी जुळलं नाही तर वीस तारखेच्या आत हरकत घ्यायची, नाहीतर अपात्र. सगळी चाळ फळ्यापाशी. मी चष्मा विसरले म्हणून कमिटीच्या सीताराम मोरेला वाचायला सांगितलं. त्याने वाचलं, थांबला, परत वाचलं. "खोली सत्तावीस, शेवंती रामजी सुवेर." मग म्हणतो, "काय काकी, घरात पाळणा हलणार वाटतं. यादीला आधी कळलं."

सगळे हसले. मी पण हसले. पण लगेच मनात आलं. घरात बाळ जन्मलं की दहा दिवस लागतं ते सुवेर, आणि पाळणा हलणार हे या बिल्डिंगीत दर्शना सोडली तर फक्त मला ठाऊक. मग यादीला कुणी सांगितलं?

मी वर जाऊन चष्मा आणला. तसंच होतं. सुवेर, आणि शेवटच्या र चा पाय मोडलेला.

ही यादी सहा वर्षांपूर्वी तूच टाइप केली होतीस ना ग, परळच्या कचेरीत कंत्राटावर होतीस तेव्हा? सहज विचारते. रागावू नकोस.

आजी

*

घोडपदेव
शनिवार, ११ जानेवारी

चि. नम्रता,

तुझं उत्तर नाही. घोडपदेव ते नायगाव म्हणजे किती लांब, मधले बसथांबे माझ्या बोटांवर मोजून संपतात. पत्राला मुंबईतल्या मुंबईत किती दिवस लागावे? का तू फाडलंस?

मी स्वस्थ बसले नाही. चाळीतून फिरून यादी तपासली, प्रत्येक दाराशी उभी राहून. सीताराम मोरे बरोबर. कांबळे बरोबर, जाधव बरोबर. बिघडले कोण, तर आम्ही सुर्वे, तळमजल्याचे मोर्ये आणि दर्शना. तिच्या शिर्के नावाची वेलांटी सुटून एकटीच पुढे उभी, जशी ती स्वतः पाण्याच्या रांगेत उभी असते. मी म्हटलं, बघा, निवडून निवडून काढलेत. आणि कमिटीवाल्या मोरेचं नाव कसं चकाचक? सीताराम ऐकून म्हणाला, "काकी, माझ्या नावात बिघडायला आहेच काय? मो आणि रे." मी त्याच्याकडे लक्ष ठेवून आहे.

काल परळच्या कचेरीत गेले. खिडकीवर शंतनु नावाचा मुलगा आहे, दाढीवाला, बोलायला बरा. त्याला म्हटलं, सुर्वेचं सुवेर कसं झालं ते सांग. तो म्हणाला, "आजी, आपण सिस्टीम बदलली ना. आधीचं ऑफिसचं सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं होतं, दरवर्षी लायसन लागायचं. आता सगळं फुकटचं घेतलंय. जुन्या फायली नव्यात उघडल्या की काही काही नावं अशी येतात. आम्ही शोधतोय."

फुकटचं. मी विचारलं, फुकट कोण देतो? फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण ते खाणाऱ्याने म्हणायचं असतं. कुणीतरी काहीतरी काढून घेतल्याशिवाय देत नाही. यांनी आमचा रफार काढून घेतला. तो म्हणाला, "कोणी देत नाही आजी, त्याला मालकच नाही. सगळ्यांचं आहे. कुणीही आतून उघडून बघावं, चुकलं असेल ते नीट करावं आणि दुसऱ्यालाही द्यावं."

मालक नाही म्हणे. आपल्या मजल्यावरचा सामायिक नळ आठव. सगळ्यांचा नळ, म्हणून तेरा वर्षं गळत होता. वायसर बदलायला एक माणूस पुढे आला नाही. तूच शाळेतून येऊन त्याला चिंधी बांधायचीस. मी त्याला नळाचं सांगितलं तर हसला. त्याला नळ कळला नाही, मला त्याचं सॉफ्टवेअर कळलं नाही, फिटंफाट.

निघताना तो आणखी एक बोलून गेला. प्रत्येक फायलीच्या पोटात ती कुणी बनवली त्याचं नाव राहतं. मी विचारलं नाही कुणाचं.

तब्येत सांभाळ. डावीकडे वळून निजावं.

आजी

*

घोडपदेव
गुरुवार, १६ जानेवारी

नम्रता,

परवा संक्रांत झाली. तिळगूळ पाठवला नाही. गोड बोल म्हणायला तोंड नव्हतं. का ते सांगते.

सोमवारी मी त्या कचेरीत हरकतीचा अर्ज दिला. माझ्या हाताने लिहिला. शंतनु म्हणाला होता, नुसतं नाव दुरुस्त करा एवढंच लिहा आजी. मी जास्त लिहिलं. लिहिलं की ही यादी माझ्या नातीने टाइप केली, तिचा आमच्यावर राग आहे, तिने मुद्दाम माझं नाव बिघडवलं, चौकशी करावी.

हे आता तुला लिहिताना तीनदा खोडलं, अर्ज मात्र एका दमात लिहिला. खरं ते सांगते.

आधीची दोन पत्रं मी तुला गोड लिहिली. मेथी खा नि डावीकडे नीज. ते खोटं नव्हतं, पण त्याच्या आत मी तुला चाचपत होते. कारण तो शब्द. दुसरं काहीही झालं असतं, सुर्वेचं सुपारी झालं असतं तरी मी हसून सोडलं असतं. पण सुवेर?

तू अमितशी कोर्टात लग्न केलंस त्या दिवशी हितेंद्र नुसता भिंतीकडे तोंड करून बसला. तो एक शब्द बोलला नाही, लोक उगीच त्याला बोल लावतात. बोलले ती मी. सगळी चाळ ऐकेल अशा आवाजात, गॅलरीत उभी राहून. म्हटलं, नम्रता आता आपल्या सुवेरसुतकातली राहिली नाही. तू जिन्यात होतीस. पिशवी खांद्यावर. थांबलीस, वर बघितलंस, गेलीस.

मग तू आणखी दोन महिने त्या कचेरीत होतीस आणि नोकरी सोडलीस. मी हिशेब मांडला की त्या दोन महिन्यांत तू यादी उघडलीस आणि माझाच शब्द माझ्या नावाच्या जागी लिहून ठेवलास. तीन वर्षांनी मला वाचता यावा म्हणून. माझा रफार कुठे बसतो हे तुझ्याहून जास्त कुणाला माहीत? मी तिसरी शिकलेली, आयुष्यभर सुरवे लिहायची. तू सात वर्षांची असताना माझी पाटी ओढलीस. "आजी, र ला खाली बसवायचं नाही, त्याला डोक्यावर घ्यायचं." मला शिकवलंस आणि मग हिसकावलंस, असं मला वाटलं.

दर्शनाला हे सांगितलं. ती म्हणाली, "काकी, माझं नाव पण बिघडलंय. माझ्यावर तिचा कसला राग? मी तर तिला वड्या द्यायचे." मी त्यावर विचार केला नाही. मला विचार करायचा नव्हता.

येत्या सोमवारी शेवटचा दिवस. नाव जुळलं नाही तर साठ वर्षांची खोली जाईल आणि या वयात मी कुठे जाणार ते मला ठाऊक नाही. तुझ्या आजोबांना याच खोलीतून उचलून नेलं. एवढं असून मला खोलीपेक्षा जास्त हे लागलंय की तू असं केलं असशील. आणि त्याहून जास्त हे, की नसशील.

शेवंती

*

घोडपदेव
मंगळवार, २१ जानेवारी

चि. सौ. नम्रता,

काल सकाळी अकराला कचेरीत गेले. शंतनु मला बघून खिडकीतून उठून बाहेर आला, बाकावर बसवलं, चहा सांगितला. मला वाटलं संपलं. सरकारी माणूस चहा सांगतो म्हणजे खोली गेली.

तो म्हणाला, "आजी, तुमची नात येऊन गेली."

माझ्या अर्जात तुझं नाव होतं, फायलीच्या पोटातही तुझंच होतं. म्हणून त्याने कुठूनतरी तुझा फोन शोधला. चौकशीला नाही, विचारायला, की बाई ही अक्षरं कशी पडली असतील. आणि तू शुक्रवारी आलीस. एवढं पोट घेऊन, दोन जिने चढून, अमित मागून पाण्याची बाटली धरून. तीन तास बसलीस. हे सगळं त्याने मला सांगितलं आणि मी चहाचा कप तसाच धरून बसले, साय आली.

त्याने मला समजेल असं सांगितलं. जुन्या टायपिंगमध्ये तोंड बोलतं त्या क्रमाने बोट चालत नाही. आधी सु, मग वे, आणि सगळ्यात शेवटी वर रफार मारायचा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये त्या टायपिंगची अक्षरं होती, फॉन्ट म्हणतात ती, म्हणून तो नाव बरोबर दाखवायचा. नव्यात ती अक्षरं टाकलीच नाहीत, नुसत्या फायली नव्या अक्षरांत बदलून घेतल्या, आणि बदलणाऱ्या मशीनने बोटं जशी पडली तशी ओळीने वाचली. सु, वे, र. म्हणून ज्याच्या नावात रफार तो बिघडला. मोरेला रफार नाही. सीतारामची मी माफी मागितली. तो म्हणाला, "काकी, कशाची माफी? तुम्ही माझ्यावर संशय घेत होता होय?" त्याला माहीतच नव्हतं. उगीच सांगितलं.

वेलांटीचंही तसंच म्हणे, ती आधी मारायची म्हणून आधीच उभी राहिली. दर्शनाला सांगितलं, तुझा स्वभाव नाही, टायपिंग आहे.

मग शंतनुने माझा अर्ज काढला. म्हणाला, "हे त्यांनी वाचलं." मी विचारलं, काय म्हणाली? "दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पेन मागितलं."

नमू, मी सही करताना रागाच्या भरात सुरवे लिहिलं होतं. साठ वर्षांची सवय. अर्जावरचं नाव चुकीचं म्हणजे अर्जच बाद. तुझ्यावर केलेली तक्रार तूच नीट केलीस. खालचा र खोडून वे च्या डोक्यावर निळ्या शाईने रफार दिलास. बारीक, टोकाला जरा वळलेला, पाटीवर द्यायचीस तसाच. बाकी एक अक्षर हलवलं नाहीस. राग आहे, मुद्दाम केलं, चौकशी करावी, सगळं तसंच.

शंतनु म्हणाला, "आजी, असं दुसऱ्याने करायचं नसतं, पण माझं तेव्हा लक्ष नव्हतं." आणि चष्मा पुसत बसला.

तू त्याला रफार नि वेलांटी कुठे धरायची ते लिहून दिलंस. त्यांच्या मुलांनी ते मशीनला शिकवलं, कचेरीतल्या सगळ्या बिल्डिंगींच्या याद्या त्यातून फिरवल्या, दोनशे बारा नावं जागेवर आली. आणि ती दुरुस्ती त्यांनी सगळ्यांसाठी ठेवून दिली, कुठल्याही गावातल्या कचेरीने फुकट घ्यावी. मालक नाही ना त्याला. म्हणजे कुठे एखाद्या तालुक्याला कुणी सुर्वे, कुणी शिर्के आपल्या नावाने पात्र होईल आणि त्याला कळणार पण नाही की घोडपदेवच्या एका पोरीने चिंधी बांधली होती.

नळ त्याला आता कळला. मी परत समजावून सांगितला.

मला तुझ्याकडे यायचं आहे. ये म्हण, असं मी लिहिणार नाही. तो हक्क मी जिन्यात टाकला.

आजी

*

घोडपदेव
रविवार, २ फेब्रुवारी

चि. सौ. नम्रता, चि. अमित आणि जिचं नाव अजून मला ठाऊक नाही ती,

अमितने दर्शनाच्या फोनवर पाठवलेला फोटो मी बघितला. मोठा करून, लहान करून, आडवा करून. कपाळ सुर्व्यांचं आहे. कान कुणाचे ते अमितच्या आईला विचारा, आमच्यात एवढे चांगले कान नाहीत. सव्वीस तारखेला, सगळीकडे झेंडे लावलेले असताना आली. तीन किलोला थोडी कमी. तुला कळा कमी आल्या असं तो लिहितो, पुरुषाला काय कळतं.

आधी कामाचं. बुधवारी नवी यादी लागली. खोली सत्तावीस, शेवंती रामजी सुर्वे, पात्र. मी बोट ठेवून तीनदा वाचलं. सीताराम जुनी यादी फाडायला लागला तेव्हा म्हटलं, थांब, माझी ओळ मला दे. त्याने फूटपट्टी धरून कापून दिली. "काकी, चुकलेलं नाव कशाला जपता?" मी म्हटलं, काम आहे.

ती कागदाची पट्टी मी खळ लावून दारावर चिकटवली. शेवंती रामजी सुवेर. र चा पाय मोडलेला असला म्हणून काय झालं.

काल माघी गणपती. तुला माहीत आहे, चाळीस वर्षं चाळीच्या गणपतीचे मोदक माझ्या हातचे आणि गेली पंधरा वर्षं आरती तुझ्या बापाच्या हातची. सकाळी बायका नारळ, गूळ घेऊन आल्या. मी दारातच हात वर केला. म्हटलं, शिवू नका, मला सुवेर आहे.

दर्शनाला माहीतच होतं. बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तळमजल्याची मोर्येकाकू म्हणाली, "कुणाचं?" मी म्हटलं, माझ्या नमूला मुलगी झाली. ती म्हणाली, "शेवंताक्का, लेकीबाळींचं सुवेर माहेराला नसतं. आणि ती तर त्यांच्यात गेली. तूच म्हणाली होतीस ना गॅलरीत." मी म्हटलं, म्हणाले होते, तेव्हा यादी लागली नव्हती. आणि दारावर बोट दाखवलं. सरकारी कागद आहे, वाच. तिने वाचलं. बायका गेल्या आणि मोदक दुसरीकडे वळले गेले. पाऱ्या जाड झाल्या म्हणे, मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तुमच्या घरी हे मानत नाहीत, मला माहीत आहे. अमितची आई म्हणेल, बाळाचा कसला आलाय विटाळ. बरोबर आहे तिचं, आणि तिला सांग की मी विटाळ म्हणून बसले नाही. मला एवढंच ठाऊक की सुवेर ज्याचं येतं ते आपलं असतं. मी चाळीसमोर तुला त्यातून काढलं होतं, तर चाळीसमोरच परत घ्यायला पाहिजे होतं. दुसरी रीत मला येत नाही. अकरावा दिवस गेला की देवाला दिवा लावीन आणि बाळंतविडा घेऊन बसमध्ये बसेन. तू दार उघडलं नाहीस तर पिशवी बाहेर ठेवून येईन. डिंकाचे लाडू आहेत, मुंग्या लागायच्या आत घे.

आता हितेंद्रचं.

तो काल संध्याकाळी आंघोळ करून पितांबर नेसला, खाली ढोलकी सुरू झाली होती. दिवसभर बाहेर होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. निघताना दार ओढायला वळला आणि त्याला पट्टी दिसली. वाचली. मी आत तांदूळ निवडत होते, मान वर केली नाही. 

मग म्हणाला, "काय झालं?"

"मुलगी," मी म्हटलं. "सव्वीसला. दोघी बऱ्या आहेत."

खालून सीतारामने हाक मारली, "हितेंद्र, ये रे, ताम्हण भरलंय."

तो तसाच उभा. दाराकडे तोंड करून. त्या दिवशी भिंतीकडे बसला होता तसा. मग हळू विचारतो, लहानपणी शाळेला सुटी आहे का विचारायचा तसा, "आई, ते मला पण लागतं का?"

मी म्हटलं, "तुझं आडनाव काय आहे रे?"

त्याने पट्टीवरून एकदा बोट फिरवलं. मग गॅलरीत गेला, कठड्यावरून वाकला आणि खाली सांगितलं, "सीताराम, आरती तू कर. आम्हाला सुवेर आहे."

तुझी आजी